क्रेटाची नवी चाकं आणि हवेच्या दाबाचे सेन्सर : प्रकल्प नोंदी

२६ ऑक्टोबर २०२४

गाडी ह्युंदाई क्रेटा, २०२१ ची. यंदाच्या पावसाळ्यात खड्ड्यांनी दोन अलॉय चाकं खाल्ली. मागच्या उजव्या चाकाला आतल्या कडेवर बोटभर चीर, पुढच्या डाव्याला पोक. ३३ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) भरलेली हवा तीन-चार दिवसांत २७ वर येते. चीर वेल्डिंग करून देणारे पुण्यात पुष्कळ आहेत. पण ओतीव अॅल्युमिनियमला वेल्डिंगची आच लागली की आजूबाजूच्या धातूची ताकद जाते आणि ते वरून दिसत नाही. डिसेंबरात नागपूरला सासरी जायचंय, समृद्धी महामार्गाने. डागडुजी केलेल्या चाकावर मुलांना बसवून ताशी १२० ने जायची माझी तयारी नाही. चारही चाकं नवी घ्यायची. टायरही झिजलेत, तेही नवे.

माप बदलायचं नाही. टायर २१५/६० आर १७, नटांचं वर्तुळ ५ बाय ११४.३ (म्हणजे ११४.३ मिलिमीटर व्यासाच्या वर्तुळावर पाच नट), मधलं भोक ६७.१ मिलिमीटर. बाहेरच्या अलॉयना भोक बहुधा ७३.१ चं असतं, मग हबवर, म्हणजे गाडीच्या ज्या गोल भागावर चाक बसतं त्यावर, रिंग बसवावी लागते. ती मागून घ्यायचीच. न बसवता चाक फक्त नटांच्या भरवशावर मध्यात येतं आणि वेग वाढला की स्टिअरिंग थरथरतं.

पण माझं लक्ष आहे ते हवेच्या दाबाच्या सेन्सरांकडे, म्हणजे टीपीएमएसकडे. टायरवाल्या काकांनी कोटेशन देतानाच सांगितलं, "ताई, सेन्सर काढून टाकू. साधा रबरी वॉल्व लावतो. लाइट पेटली तर वर काळी टेप लावा, बरेच जण तेच करतात."

मी नाही म्हटलं. रेडियल टायरमध्ये ३३ च्या जागी २५ असले तरी उभ्या गाडीत ते नजरेला कळत नाही. हवा कमी असली की टायरच्या बाजूच्या भिंती प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकतात, तापतात, आणि सिमेंटच्या सरळसोट रस्त्यावर तासन्‌तास तोच वेग ठेवला की ती उष्णता साठत जाते. अमेरिकेत फोर्ड एक्सप्लोरर गाड्यांचे फायरस्टोन टायर फुटून माणसं मेली, तेव्हा २००० साली कायदा झाला आणि पुढे सप्टेंबर २००७ पासून तिथल्या प्रत्येक नव्या हलक्या गाडीला ही यंत्रणा सक्तीची झाली. दाब २५ टक्के उतरला की दिवा लागलाच पाहिजे, असा तो नियम. आपल्याकडे यासाठी एआयएस १५४ हे वाहन उद्योगाचं मानक आहे, सक्ती नाही. ज्या गाडीत कंपनीने ही यंत्रणा दिलीच आहे त्या गाडीत ती आपल्या हाताने बंद पाडायची, हे मला पटत नाही.

जुने सेन्सर नव्या चाकांत टाकायचे का? बॅटरी आत लाखेसारख्या पदार्थात बुजवलेली असते, बदलता येत नाही. आयुष्य साधारण सात ते दहा वर्षं. म्हणजे नव्या टायरांचं आयुष्य संपत येईल तेव्हा सेन्सर एकेक करून मरायला लागतील आणि दर वेळी टायर रिमवरून उतरवावा लागेल. शिवाय कोकणातल्या खाऱ्या हवेने दोन वॉल्वच्या दांड्यांना पांढरा गंज आला आहे. एका दांडीवर बाजारातली धातूची टोपी बसवली होती, ती अशी चिकटली आहे की पकडीने फिरवली तर दांडीच तुटेल. चार नवे घ्यायचे, सगळ्यांचं वय एक.

२७ ऑक्टोबर

नवं बसवण्याआधी जुनं नीट चालतंय का ते बघितलं. उद्या गडबड झाली तर गाडीचा रिसीव्हर मुळात ठीक होता हे हाताशी असलेलं बरं.

यासाठी डीलरकडे जायची गरज नाही. लॅपटॉपला लावायचा, रेडिओ लहरी ऐकणारा आरटीएल-एसडीआर डोंगल माझ्याकडे आहे, आणि अशा सेन्सरांचे संदेश उलगडणारं आरटीएल ४३३ नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. भारतात आणि युरोपात हे सेन्सर ४३३.९२ मेगाहर्ट्झवर बोलतात. प्रत्येक सेन्सरचा स्वतःचा आयडी असतो. तो, दाब, तापमान आणि बॅटरीची स्थिती एवढं एका छोट्या संदेशात भरून तो दर मिनिटाला वगैरे फेकतो. गाडी उभी असताना सेन्सर झोपलेले असतात, बॅटरी वाचवायला. चाक फिरलं की आतल्या त्वरणमापकाला ते कळतं आणि ते जागे होतात.

नवरा गाडी चालवत होता, मी शेजारी लॅपटॉप घेऊन. कोथरूडहून पौड रस्त्याने चांदणी चौकाकडे निघालो. पहिल्या सिग्नलपर्यंत पडद्यावर ओळी उमटायला लागल्या. आपले चार आयडी सारखे परत परत येतात, बाकीचे एकदा येऊन निघून जातात. ते शेजारून गेलेल्या गाड्यांचे. २०१० साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं होतं की हे संदेश चाळीस मीटरवरूनही पकडता येतात आणि त्यांना कसलंही कुलूप नसतं. सिग्नलला उभं राहून दुसऱ्यांच्या टायरमधला दाब वाचताना ते नीट समजलं. मी ते आयडी साठवले नाहीत.

कोणता आयडी कोणत्या चाकाचा हे ओळखायला सोपी युक्ती: घरी आल्यावर एकेका चाकातून थोडी हवा सोडायची, प्रत्येकात वेगळी. पुढच्या फेरीत कोणाचा आकडा किती उतरलाय ते बघायचं. चारही सापडले. बॅटरी चौघांचीही ठीक. रिसीव्हर, वायरिंग, डॅशबोर्ड सगळं व्यवस्थित आहे.

इथे एक गोष्ट लिहून ठेवते, कारण विचारणारे गल्लत करतात. सगळ्या गाड्यांत असे सेन्सर नसतात. काही गाड्या एबीएसच्या (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून चाकं किती वेगाने फिरतात ते मोजतात. हवा कमी झालेलं चाक किंचित लहान होतं, म्हणून जास्त फेरे घेतं, आणि त्यावरून अंदाज बांधतात. तिथे चाकं बदलल्यावर हवा बरोबर भरून मेनूतलं रिसेटचं बटण दाबलं की काम झालं. डॅशबोर्डवर चारही चाकांचे वेगळे आकडे येत असतील तर आत सेन्सर आहेत असं समजायला हरकत नाही.

७ नोव्हेंबर

दिवाळी आटोपली. सेन्सरांचं पार्सल आलं. सेन्सरचा पार्ट नंबर कंपनीच्या यादीत बघून तोच ऑनलाइन मागवला होता. चार पाकिटं, चारांवर स्टिकर एकच.

पाकिटं उघडून टेबलावर मांडली. काळ्या प्लास्टिकची डबी, काड्यापेटीहून छोटी, तिला अॅल्युमिनियमची वॉल्वची दांडी स्क्रूने जोडलेली. दांडीच्या मुळाशी रबरी सील, वर सहा कोनी नट. डबीला एका बाजूला टाचणीच्या टोकाएवढं भोक, त्यातून हवेचा दाब आतल्या चिपपर्यंत पोचतो. पंक्चर बुजवायची जेल टायरमध्ये ओतली की हेच भोक तुंबतं. टायरवाल्याला ठणकावून सांगायचं: जेल नको.

भिंग घेऊन मागची अक्षरं वाचली. तिघांची छपाई सारखी. चौथ्याची वेगळी, आणि प्लास्टिकचा रंगही किंचित राखाडी. इथेच शंका आली.

९ नोव्हेंबर

सेन्सर कारखान्यातून झोपलेले येतात. त्यांना उठवायला १२५ किलोहर्ट्झचा इशारा द्यावा लागतो, तो माझा डोंगल देऊ शकत नाही. त्याला फक्त ऐकता येतं. त्यामुळे अलाइनमेंटवाल्याकडे गेले, त्याच्याकडे ऑटेलचं टीपीएमएस टूल आहे. लॅपटॉपही सोबत नेला.

टूलमध्ये कंपनी, मॉडेल, साल निवडलं. पहिला सेन्सर टूलच्या अँटेनाला टेकवून बटण दाबलं: आयडी, दाब शून्य, तापमान २९, बॅटरी ठीक. दुसरा, तिसरा तसाच. चौथा गप्प. पुन्हा, उलटा धरून, लांब धरून, तरी गप्प. दुकानातला मुलगा म्हणाला, "हा डेड आहे, मॅडम."

मी डोंगल ३१५ मेगाहर्ट्झवर लावला आणि त्याला परत बटण दाबायला सांगितलं. पडद्यावर लगेच ठसठशीत पट्टी उमटली. सेन्सर जिवंत होता. १२५ किलोहर्ट्झचा इशारा त्याला ऐकू येत होता, तो उत्तरही देत होता, पण अमेरिकेच्या ३१५ वर. आपली गाडी आणि आपल्यासाठी लावलेलं टूल दोघांचेही कान ४३३ वर. बाहेरून बघाल तर तोच आकार, तीच दांडी, वर स्टिकरही तोच.

हाच सेन्सर टायरच्या आत गेला असता तर? चाक उतरवा, हवा सोडा, टायर रिमवरून काढा, परत चढवा, परत बॅलन्सिंग, आणि नव्या टायरच्या कडेला मशीनचे ओरखडे वेगळेच. टेबलावर तेच काम बटण दाबण्याइतकं सोपं. म्हणून माझं सांगणं एवढंच: टायर रिमवर चढण्याआधी प्रत्येक सेन्सरकडून उत्तर घ्या आणि त्याचा आयडी कागदावर उतरवा. दुकानात टूल नसेल तर दुकान बदला.

विक्रेत्याला दोन्ही पट्ट्यांचे फोटो पाठवले. बदली पाठवतो म्हणाला.

१६ नोव्हेंबर

बदलीचा सेन्सर आला. तपासला, ४३३ वर उत्तर दिलं. आज चाकं चढवली.

दिवसभर दुकानात उभी होते आणि त्याचा उपयोग झाला. अलॉयमधलं वॉल्वचं भोक साडेअकरा मिलिमीटरचं, सेन्सरच्या दांडीला बरोबर. पण रिमचा आतला उतार कंपनीच्या रिमपेक्षा जास्त तिरका. पहिल्यांदा बसवला तेव्हा सेन्सरची डबी रिमपासून वर उचलली गेली, मध्ये करंगळी जाईल एवढी फट. ती तशी ठेवली तर टायर चढवताना त्याची कड डबीवर येते आणि दांडीतून मोडते. या सेन्सरला दांडी आणि डबी यांच्यातला कोन बदलता येतो. मागचा स्क्रू सैल केला, डबी बोटाने रिमवर टेकेपर्यंत दाबली, तशीच धरून स्क्रू आवळला. मग वरचा नट. हा नट पान्याने अंदाजे आवळायचा नाही. पाकिटातल्या कागदावर टॉर्क, म्हणजे किती जोराने आवळायचं ते, दिलेलं असतं, छोट्या टॉर्क रेंचने तेवढाच. जास्त आवळला की सील चिरडतं, कमी राहिला की हवा झिरपते.

टायर चढवणारा मुलगा हुशार निघाला. डबी कुठे आहे हे बघून त्याने रिम मशीनवर अशी फिरवून ठेवली की टायरची कड शेवटचा जोर घेते तेव्हा सेन्सर तिच्या वाटेत नसेल. "आधी दोन तुटलेत आमच्याकडे," म्हणाला. त्याचं काम बघताना मनापासून बरं वाटलं.

वॉल्वच्या दांडीत हवा अडवणाऱ्या पिनही बघितल्या. अॅल्युमिनियमच्या दांडीत साधी पितळी पिन टाकली की ओलाव्यात दोन धातूंची आपापसात झीज सुरू होते आणि पिन आतच धरते. निकेलचा मुलामा असलेल्या पिना सेन्सरसोबत आल्या होत्या, त्याच ठेवल्या. टोप्या प्लास्टिकच्या. धातूच्या टोप्या काकांनी भेट म्हणून पुढे केल्या, त्या हात जोडून परत दिल्या.

बॅलन्सिंग झालं. सेन्सरचं वजन एका बाजूला असतं, म्हणून समोरच्या बाजूला वजनं लागतातच. हबच्या रिंगा बसवल्या. नट आडव्यातिडव्या क्रमाने, आधी हाताने, मग टॉर्क रेंचने ११ किलोग्रॅम-मीटरवर. ह्युंदाईने ११ ते १३ सांगितलंय. एअर गनने शेवटचा आवळा मारू दिला नाही. प्रत्येक चाकावर खडूने आयडीचे शेवटचे दोन अंक लिहिले आणि कोणतं कुठे बसलं ते वहीत टिपलं. हवा चारही ३३, तेव्हा हवेचं तापमान २९.

डॅशबोर्ड: निघताना पिवळा दिवा मिनिटभर लुकलुकला, मग स्थिर झाला. याचा अर्थ यंत्रणेला सेन्सर सापडत नाहीत. दिवा न लुकलुकता सरळ स्थिर पेटला असता तर खरोखर हवा कमी. हा फरक माहीत नसल्याने लोक उगाच हवा भरत बसतात.

या गाडीत नवे आयडी हाताने भरावे लागत नाहीत, ती ते आपणहून शिकते. मात्र आधी गाडी पंधरा-वीस मिनिटं बंद उभी हवी, मग ताशी २५ च्या वर सलग चालवायला हवी. टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत असं होत नाही, तिथे आयडी ओबीडीच्या (गाडीचा कॉम्प्युटर तपासायच्या) सॉकेटमधून भरावे लागतात किंवा नव्या सेन्सरवर जुन्याच आयडीची नक्कल करून घ्यावी लागते. आपली गाडी कोणत्या जातीची आहे हे आधी माहीत करून घ्यावं.

समोरच्या टपरीवर चहा घेतला, वेळ होऊ दिला, मग बायपासला काढली. वारज्यापर्यंत तीन चाकांचे आकडे आले. पुढच्या उजव्याच्या जागी दोन आडव्या रेघा. कात्रजपर्यंत गेलो, परत आलो. रेघाच.

२० नोव्हेंबर

विधानसभेचं मतदान, सुट्टी. सकाळी मत देऊन आलो आणि पार्किंगमध्ये गाडी घेऊन बसले.

मधल्या दिवसांतही तेच चाललं होतं. पुढचं उजवं कधी क्षणभर दिसायचं, परत रेघा आणि लुकलुकणारा दिवा. टायरवाले काका म्हणाले सेन्सर खराब, उतरवून बघू. मी थांबवलं, कारण तो सेन्सर टेबलावर बोललेला आहे.

आधी संशय जुन्या चाकांवर गेला. ती बिल्डिंगच्या पार्किंगमध्येच रचून ठेवलीत, सेन्सर आतच. गाडी त्यांचेच आयडी ऐकून गोंधळते आहे का? डोंगल लावून बराच वेळ ऐकलं. त्यांच्याकडून चकार शब्द नाही. चाक फिरत नाही, सेन्सर झोपलेले.

मग नवऱ्याला गाडी घेऊन सोसायटीच्या बाहेरच्या रस्त्यावर फेऱ्या मारायला लावलं, मी लॅपटॉप घेऊन आत. चारही आयडी आले. पुढच्या उजव्याचाही, खडूने लिहिलेले तेच दोन अंक, दाब ३२, बॅटरी ठीक. म्हणजे सेन्सर बोलतोय आणि गाडीला ऐकू येत नाहीये.

सॉफ्टवेअर बदलून ४३३ च्या आसपासचा सगळा पट्टा नजरेने बघितला. खाली सपाट शांत रेघ असायला हवी, तिथे जाड धुरकट गोंगाट होता. मध्येच वर-खाली सरकणारा. डॅशकॅम काढला, फरक नाही. मोबाइल बंद केले, फरक नाही. बारा व्होल्टच्या सॉकेटमधून चार्जर उपटला आणि गोंगाट एकदम खाली बसला. लावला, वर आला. काढला, गेला.

दिवाळीत घेतलेला चार तोंडांचा फास्ट चार्जर. आत व्होल्टेज बदलायला वेगाने चालूबंद होणारं सर्किट असतं, आणि स्वस्त मालात फिल्टर नसतो, मग ते दूरपर्यंतच्या लहरींवर घाण पसरवतं. ह्युंदाईच्या मालकपुस्तिकेत लिहिलंच आहे की लॅपटॉप, मोबाइल चार्जर, रिमोट स्टार्टर यांच्यामुळे टीपीएमएसचा दिवा लुकलुकू शकतो. चार सेन्सरांत पुढच्या उजव्याचा आवाज माझ्या डोंगललाही सगळ्यात क्षीण येत होता, त्यामुळे आधी तोच बुडाला. दिवाळीनंतर जुन्या सेन्सरांनी तक्रार का केली नाही? माझा अंदाज असा की ओळखीचे आयडी गाडी अधूनमधून ऐकू आले तरी चालवून घेते, पण नवा आयडी आपला मानायला तिला तो सलग अनेकदा ऐकावा लागतो.

चार्जर घरात आणून ठेवला. गाडी वीस मिनिटं उभी केली आणि चांदणी चौकातून भूगावकडे काढली. पौड रस्ता संपता संपता चौथा आकडा आला आणि दिवा विझला. नवऱ्याने गाडी बाजूला घेतली, आम्ही दोघं त्या चार आकड्यांकडे बघत बसलो. जीव भांड्यात पडला.

२४ नोव्हेंबर

जागा बरोबर आहेत का ते बघितलं. प्रत्येक चाकातून थोडी थोडी हवा सोडली, फेरी मारली. चारही आकडे आपापल्या कोपऱ्यात उतरले. मग परत ३३.

एक गोष्ट खटकत होती. हातातल्या चांगल्या गेजवर ३३, डॅशबोर्डवर ३२. चारही चाकांत, सारखंच. जुन्या सेन्सरांनाही असंच होतं, आता नीट लक्ष दिलं.

गेज टायरच्या आतला दाब बाहेरच्या हवेशी ताडून दाखवतं. सेन्सर मात्र टायरच्या आत बंद असतो, बाहेरची हवा त्याला कळणार कशी? तो बहुतेक वेळा पूर्ण दाब (निर्वाताच्या तुलनेतला) मोजतो आणि त्यातून समुद्रसपाटीचा वातावरणाचा दाब, १४.७ पीएसआय, वजा केला जातो. पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच. इथे वातावरणाचा दाब १३.७ च्या आसपास. म्हणजे एका पीएसआयची तफावत, आणि ती तशीच दिसते आहे. हे खरं असेल तर महाबळेश्वरला, साडेतेराशे मीटरवर, फरक दोनाच्या वर जायला हवा: गेज वाढीव दाखवेल, डॅशबोर्ड तसाच राहील. मुंबईत दोघे जुळायला हवेत. दोन्हीकडे गेलो की गेज सोबत न्यायचं.

तोवर नियम असा: हवा गेजवर भरायची, सकाळी, गाडी थंड असताना. डॅशबोर्ड बदल बघायला.

१४ डिसेंबर

पहाटे निघालो. पुण्यात यंदा कडाक्याची थंडी, गाडीतला पारा ११ अंश. निघण्याआधी गेज लावलं तर चारही ३० वर. गळती नाही, हिशोबच तसा आहे. २९ अंशाला भरलेली हवा ११ वर आली, दर साडेपाच अंशांना साधारण एक पीएसआय उतरतो. हवा भरायच्या छोट्या पंपाने चारही ३३ केले. डॅशबोर्डवर ३२.

अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगर, मग सावंगीला समृद्धीवर चढलो. वहीतल्या नोंदी: जालन्याजवळ ऊन चढल्यावर पुढची दोन्ही ३६, मागची ३५. मेहकरच्या पुढे चारही ३७. कारंज्यापर्यंत उन्हाच्या बाजूची दोन ३८, सावलीची ३७. त्यापुढे वाढ नाही. टायरमधली हवा ४५ अंशांच्या आसपास गेली असेल तर हिशोबाने एवढंच यायला हवं. हे आकडे बघून अनेक जण पेट्रोलपंपावर थांबून हवा कमी करतात, ते मुळीच करू नये. टायर निवला की तो ३३ च्या कितीतरी खाली जातो आणि दुसऱ्या दिवशी तोच तापतो.

माझी नजर आकड्यापेक्षा चौघांमधल्या फरकावर होती. तिघं वाढताना एक जागच्या जागी राहिला किंवा उतरला, तर तिथे खिळा आहे असं समजायचं. तसं काही झालं नाही. नागपूरजवळ शिवमडक्याला महामार्गावरून उतरलो तेव्हा चारही एका पीएसआयच्या आत होते.

सासऱ्यांना वहीतली पानं दाखवली. ते आयुष्यभर दर रविवारी स्वतःच्या हाताने हवा तपासत आले आहेत. त्यांनी आकडे एकेक करून वाचले, मग गेज मागून घेतलं आणि अंगणात जाऊन स्वतः चारही चाकं तपासली. चारही जुळली.

२२ डिसेंबर

पुण्यात परत. एक काम उरलं होतं: स्टेपनी. ती पत्र्याची, १६ इंची, तिच्यात सेन्सर नाही. रात्री रस्त्यात ती लावावी लागली तर डॅशबोर्ड काय दाखवेल हे आत्ताच बघून ठेवलं. मागचं डावं चाक काढून ती लावली, काढलेलं चाक डिकीत. काही अंतर चालवल्यावर दिवा लुकलुकला, स्थिर झाला, त्या कोपऱ्यात रेघा आल्या. उरलेल्या तिघांचे आकडे चालू राहिले. मूळ चाक परत लावलं, थोडं चालवलं, आकडा आपोआप आला, काही करावं लागलं नाही.

स्टेपनीत १८ च पीएसआय निघाली, ३३ भरली. ती डॅशबोर्डवर कधीच दिसणार नाही, म्हणून महिन्याच्या पहिल्या रविवारी गेज तिलाही.

चारही आयडी, बसवल्याची तारीख आणि टॉर्कचे आकडे एका कार्डावर लिहून ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवलं. एक प्रत टायरवाल्या काकांना दिली. जुन्या चाकांतले दोन चांगल्या दांडीचे सेन्सर त्यांना हवे आहेत, एका गिऱ्हाइकाच्या गाडीसाठी. शनिवारी लॅपटॉप घेऊन जाणार आहे, आधी दोन्ही टेबलावर तपासायला.